ॲव्हरेजचा ऑक्टोबर

सातवीण फुलली की तिला लपता येत नाही. काल संध्याकाळी दूध आणायला खाली उतरले, तर जिन्याच्या शेवटच्या वळणावरच तो उग्र गोड वास नाकात शिरला. आमच्या मुलुंडच्या कॉलनीत या झाडांची अख्खी रांग आहे. कुणाचं त्या वासाने डोकं चढतं, कुणी खिडक्या लावून घेतं, आणि वॉचमन दरवर्षी न चुकता म्हणतो, "मॅडम, ये झाड काटने का अर्जी दो ना." मी अर्ज देत नाही. अंगातून घाम निथळत असतो, पंख्याचा वारा गरम लागत असतो, कुणाच्या तरी स्वयंपाकघरात चिवड्याचे पोहे भाजायला घेतलेले असतात, आणि मला आमच्या गाडीतल्या स्क्रीनवरचा एक छोटासा आकडा आठवतो.

दिवाळी जवळ आली की लोकांना किल्ले आठवतात, उटणं आठवतं, मामाचं गाव आठवतं. मला ॲव्हरेज आठवतं. एका लिटरमध्ये गाडी किती किलोमीटर धावली, ते ॲव्हरेज. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं.

दोन-तीन वर्षांपूर्वीचा तो ऑक्टोबर. श्रीकांत, म्हणजे माझा नवरा, नुकताच रिटायर झाला होता. घरात मी त्याला 'अहो' म्हणते, पण लिहिताना एकेरीच लिहिते; कागदावर तो उलटून बोलत नाही. या माणसाला दोन गोष्टींची आवड. एक, गाडी चालवणं. दुसरी, काही वाया जाऊ न देणं. टूथपेस्टची ट्यूब संपली असं मी जाहीर केल्यावर हा लाटणं मागतो आणि पुढचा आठवडाभर सगळ्यांना पुरेल इतकी पेस्ट काढून दाखवतो. साबणाचा उरलेला तुकडा नव्या वडीला चिकटवतो. त्यात कंजूषपणा नाही, हे मी लग्नानंतर लवकरच ओळखलं. पाहुण्यांना वाढताना त्याचा हात कधी आखडत नाही. फक्त एखादी गोष्ट पूर्ण वापरली गेली नाही, तर त्याला तिच्याबद्दल वाईट वाटतं.

आमची जुनी गाडी त्याने अशीच वापरली. सिग्नल लांबलेला दिसला की इंजिन बंद. उतार आला की न्यूट्रल. पवईहून गांधीनगरकडे उतरताना तो गिअर न्यूट्रलला टाकायचा, गाडी आपसूक घरंगळत जायची, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान यायचं की जणू रस्त्यानेच त्याला काहीतरी भेट दिलीय. तो एकटाच नव्हे, कॉलनीतले सगळेच पुरुष असं करायचे. उतारावर न्यूट्रल ही शहाण्या ड्रायव्हरची खूण मानली जायची, आणि जो टाकत नाही तो नवशिका.

रिटायर झाल्यावर त्याने हौसेने हायब्रिड गाडी घेतली. पेट्रोलचं इंजिन आणि बॅटरीवरची मोटर, दोघं एकाच बॉनेटखाली. कधी हा ओढतो, कधी ती, चढावर दोघं मिळून. प्लगला लावून चार्ज करायची भानगड नाही, चालता चालताच बॅटरी भरते. संसाराची उपमा इथे अगदी दारात येऊन उभी आहे, पण मी काही तिला आत घेणार नाही. गाडी आली, तिला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, पेढे वाटले. आणि मग तिचं ॲव्हरेज काही केल्या वाढेना. कंपनीवाल्यांनी एवढं कौतुक सांगितलेलं, आणि आकडा सतराच्या आसपास घुटमळतोय. श्रीकांत वैतागायचा. "जुनीच बरी होती यार," म्हणायचा.

त्याच पावसाळ्याच्या शेवटी गाडीला डाव्या बाजूने दोनदा खरचटलं. एकदा सोसायटीच्या गेटचा खांब, एकदा रिक्षा. दोन्ही वेळा तो एकच वाक्य बोलला, "इथे कुठे होतं काही?" तिसऱ्या वेळेची वाट न बघता मी त्याला सरळ अंधेरीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. तिथे त्याला एका पांढऱ्या वाडग्यात डोकं घालून बसवलं. आत कुठेही ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी बाहेर बसून बटणाचा टकटक आवाज ऐकत होते. मध्ये मध्ये आवाज थांबायचा, बराच वेळ थांबायचा.

काचबिंदू. समोरचं अगदी स्वच्छ, बाजूचं पुसलेलं. औषधाच्या बाटलीवरचं मुंगीएवढं अक्षर त्याला चष्म्याने आरामात वाचता येत होतं, पण कडेने येणारी रिक्षा दिसत नव्हती. गेलेलं परत येणार नव्हतं. आहे ते थेंबांनी टिकवायचं होतं. डॉक्टर मुलगी अगदी हळुवारपणे म्हणाली, "काका, वाचा, टीव्ही बघा, फिरायला जा. फक्त गाडी नको."

घरी आल्यावर त्याने पाणीसुद्धा न पिता खालच्या मजल्यावरच्या सुर्व्यांना फोन लावला. सुर्वे पहिल्या दिवसापासून आमच्या गाडीवर डोळा ठेवून होते. "दिवाळी झाली की घेऊन जा," श्रीकांत म्हणाला, आणि फोन ठेवून खुर्चीत बसला.

ती खुर्ची अजून आहे, गॅलरीच्या दाराशी. त्या दिवसांत तो तिच्यात असा बसायचा की टीव्ही चालू आहे की बंद याचाही त्याला पत्ता नसायचा. मला गाडीची फिकीर नव्हती. गाडी गेली तर रिक्षा आहेत, टॅक्सी आहेत, मुंबईत कुणाचं अडत नाही. पण ती चावी सुर्व्यांच्या हातात पडली की हा माणूस त्या खुर्चीतून पुन्हा पूर्वीसारखा उठणार नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं. दिवाळीपर्यंत काहीतरी करायला हवं होतं. काय, ते मात्र कळत नव्हतं.

माझ्याकडे लायसन्स होतं. मुलगी शाळेत होती तेव्हा क्लास लावून काढलेलं, मग कपाटात साड्यांखाली गेलेलं. क्लच आणि गिअर यांचं जमवताना माझी तेव्हा पार वाट लागायची. या गाडीला क्लचच नव्हता. मी म्हटलं, "मी चालवते." तो हसला नाही, रागावलाही नाही. "चालव," म्हणाला, जसं काही मी पोळ्या लाटते म्हटलं होतं.

सकाळी रस्ते मोकळे असताना कॉलनीच्या मागच्या रस्त्यावर मी गाडी काढायला लागले. आणि श्रीकांत मागे बसायचा. पुढे माझ्या शेजारी नाही, मागच्या सीटवर, खिडकीला टेकून. मी म्हटलं, "अहो, पुढे या ना, मला भीती वाटते." तर म्हणाला, "मागून सगळं दिसतं." धादांत खोटं. त्याला ती डावी सीट नकोशी होती. इतकी वर्षं त्या सीटवर मी बसले, मुलगी बसली, भाजीच्या पिशव्या बसल्या. तिथे बसणं म्हणजे संपलं, असं काहीतरी त्याच्या मनात होतं. मागे बसलेल्याला निदान साहेब म्हणता येतं.

मागून तो बोलायचा एकच शब्द. सिग्नल आला, "न्यूट्रल." उतार आला, "न्यूट्रल." गाडी पुढच्या बसमागे क्षणभर थांबली, तरी "न्यूट्रल टाक ना, पेट्रोल जाळतेस!" मी निमूटपणे टाकत होते. हा माणूस निदान बोलतोय, एवढंच मला पुरे होतं.

मग डॉक्टरांकडे पुन्हा जायचा दिवस आला. मुलुंडहून अंधेरीला मी गाडी नेली, हे आजही मला खरं वाटत नाही. जाताना ठीक गेलं. येताना पवईच्या उतारावर पुढे एक टेम्पो होता, त्यात उभी कपाटं बांधलेली, दोरी सैल, आणि कपाटं डुलत होती. मागून आवाज आला, "न्यूट्रल!" मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलेलं. गिअरकडे हात न्यायची माझी छाती झाली नाही. "न्यूट्रल, अगं!" मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. उजवा पाय ब्रेकवर नुसता टेकवून, त्या कपाटांवर नजर खिळवून, तो सगळा उतार मी अलगद उतरले. गांधीनगरचा पूल आला तेव्हा मी श्वास सोडला.

घरी पोचल्यावर श्रीकांत दोन सीटच्या मधून वाकून स्क्रीनकडे बघत राहिला. आकडा एकवीस दाखवत होता. या गाडीने असा आकडा आयुष्यात दाखवला नव्हता.

"काय केलंस तू?" त्याने विचारलं.

"काही नाही केलं. घाबरले होते."

"असं कसं? काहीतरी केलंस ना."

"तुम्ही न्यूट्रल म्हणालात ते नाही केलं."

तो पुन्हा त्या आकड्याकडे वाकला. हा त्या खुर्चीतला माणूस नव्हता, हे मला लगेच कळलं. दुसऱ्या दिवशी मी गाडीचं दार उघडलं, तर हा चष्मा पुसत पुढच्या डाव्या सीटवर बसलेला. "मागून स्क्रीन नीट दिसत नाही," म्हणाला. बस, इतकंच. मी गाडी सुरू केली.

आम्ही पुन्हा तो उतार गाठला. एकदा न्यूट्रल टाकून उतरलो, मग वळसा घालून, वर जाऊन, न टाकता. स्क्रीनवर चाकं, बॅटरी आणि इंजिन यांचं चित्र असतं, आणि ताकद कुठून कुठे चाललीय ते बाण दाखवतात. न्यूट्रलला बाण गायब, चित्र मुकं. गिअरमध्ये ठेवून पाय ब्रेकवर नुसता टेकवला, तर चाकांकडून बॅटरीकडे हिरवे बाण धावत सुटतात. गाडी थांबवताना जी ताकद एरवी ब्रेक तापवण्यात जाते, ती ही गाडी गोळा करून ठेवते. न्यूट्रलमध्ये मात्र ती बिचारी हात बांधून बसते. म्हणजे इतके महिने हा शहाणा माणूस प्रत्येक उताराला, प्रत्येक सिग्नलला, स्वतःच्या हाताने ती भेट परत पाठवत होता. कपाळावर हात मारून तो इतका हसला की मला गाडी बाजूला घ्यावी लागली. पवईच्या रस्त्याकडेला, फ्लॅशर लावून, घामाघूम होऊन आम्ही दोघं हसत होतो, आणि एक हवालदार काच ठोठावून विचारत होता, "काय प्रॉब्लेम आहे का, काका?"

त्यानंतरचे ते दिवस माझ्या आयुष्यातले फार सुखाचे दिवस आहेत, हे मी अगदी सरळ सांगते. दिवाळीची साफसफाई बाजूला राहिली आणि श्रीकांतने गाडीची डिकी साफ केली. आत काय काय निघालं! मोडकी फोल्डिंगची खुर्ची, गावाहून आणलेले आणि विसरलेले नारळ, मुलीच्या लग्नातली चौरंगाची जोडी. "एवढं वजन वाहतोय आपण उगाच," तो म्हणायचा. भांडुपला पंपावर जाऊन तो चारही टायरची हवा स्वतः उभा राहून भरून घ्यायचा. हवा भरणारा त्याला लांबून बघूनच पाइप ओढायला लागायचा.

आणि मला शिकवणं. "सुरुवातीला घाबरू नकोस, नीट वेग घे. वेग आला की पाय उचल. पूर्ण नाही गं. दुधावरची साय बोटाने बाजूला करतेस ना, तेवढाच पाय." हे मला पटकन कळलं. तेवढाच पाय ठेवला की इंजिन झोपी जायचं, स्क्रीनवर हिरवं चिन्ह लागायचं, आणि गाडी नुसत्या बॅटरीवर आवाज न करता सरकायची. लांबचा सिग्नल लाल दिसला की आधीच पाय काढायचा, धावत जाऊन कचकन थांबायचं नाही. मागचे हॉर्न वाजवायचे. श्रीकांत म्हणायचा, "वाजवू दे. त्यांनाही तिथेच थांबायचंय."

भांडणं एसीवरून. ऑक्टोबरचं ऊन, काचेतून भाजून काढणारं, आणि याचं म्हणणं एसी कमी कर. "बॅटरी खातो तो." मी म्हटलं, "माझा घाम गाळून आकडा वाढवताय होय?" शेवटी तह झाला: दुपारी एसी सत्तावीसवर, ऊन उतरलं की बंद आणि काचा खाली. त्या तहामुळे संध्याकाळी गाडीत बाहेरचं सगळं यायचं. फरसाणाच्या दुकानातला तेलाचा वास, रंग दिलेल्या भिंतींचा, रांगोळीखाली सारवलेल्या ओल्या गेरूचा. लिंक रोडवर बॅटरीवर सरकताना कधी इतकी शांतता व्हायची की शेजारच्या रिक्षातल्या बाईचं फोनवरचं बोलणं ऐकू यायचं, आणि आम्ही दोघं कान देऊन ऐकायचो.

एकदा घाटकोपरहून येताना तो म्हणाला, "डावीकडे तू बघ हं. मला तिकडचं दिसत नाही." अगदी सहज म्हणाला, आकड्यावरची नजर न हलवता. डॉक्टरांनी सांगितल्यापासून हे वाक्य त्याने तोंडातून काढलं नव्हतं. मी म्हटलं, "बघते." माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण समोर बेस्टची बस होती, त्यामुळे ते तसंच आवरलं.

मी तेव्हा पुष्कळदा विचार करायची. आपल्याला वाटतं, पळतो तेव्हाच कमावतो आणि थांबलो की गमावतो. ही गाडी वेग कमी होताना भरत होती. तिला थांबणं म्हणजे नुसतं थांबणं नव्हतं. रिटायर झालेल्या माणसाच्या शेजारी बसून हे रोज बघताना मला मोठा धीर यायचा. त्याला हे बोलून दाखवलं असतं तर म्हणाला असता, "फिलॉसॉफी नंतर, आधी पाय उचल."

पण सुर्व्यांना दिलेला शब्द काही त्याने मागे घेतला नाही. मी विचारायला गेले की विषय बदलायचा. तिकडे सुर्व्यांनी सीट कव्हरचे नमुने आणले होते. जिन्यात भेटले की मलाच विचारायचे, "वहिनी, चॉकलेटी बरं दिसेल की करडं?" मी म्हणायची, "तुम्हाला आवडेल ते," आणि घरी येऊन चकलीचा सोऱ्या जरा जास्तच जोरात दाबायची.

भाऊबीज आली. श्रीकांतची मोठी बहीण, नलूताई, बोरिवलीला राहते. आई गेल्यावर तिनेच याला वाढवलं, त्यामुळे तिच्यापुढे हा आजही शाळकरी आहे. तिचा शब्द याने कधी मोडलेला मी पाहिलेला नाही. मी गाडी पार्क करून बाहेर आले तर ती गॅलरीतून ओरडली, "अगो बाय माझ्या! तू चालवलंस?" सगळ्या बिल्डिंगने ऐकलं. पाट, रांगोळी, ओवाळणं झालं, कोंबडी-वडे झाले. आणि मग नेहमीचा रिवाज. नलूताईला ओवाळणीत पाकीट नको असतं, साडी नको असते. तिला भावाच्या गाडीतून गोराईच्या खाडीपर्यंत चक्कर हवी असते. दर भाऊबीजेला ती पुढे भावाशेजारी बसते आणि मी मागे. तिचे गुडघे दुखतात, पुढे पाय लांब करता येतात, आणि मुख्य म्हणजे तो तिचा मान.

ती नवी साडी सावरत खाली आली आणि सवयीने तिने पुढचं डावं दार धरलं.

"ताई," श्रीकांत म्हणाला, "तू मागे बस."

नलूताईने त्याच्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. "माझी ढोपरां बघ रे मेल्या," ती म्हणाली, "मागे कशी बसू?"

"मी सीट पुढे घेतो, तुला पाय पसरायला जागा होईल. पण पुढे मी बसतो. मला तिथे काम असतं."

"कसलं काम? चालवता तर ही."

"ती रस्ता बघते. बाकीचं कोण बघणार?"

आणि त्याने खरोखर सीट इतकी पुढे घेतली की त्याचेच गुडघे डॅशबोर्डला टेकले. तसाच आखडून तो बसला, पट्टा लावला, चष्मा पुसला. नलूताई मागे बसली, तिने पाय लांब केले, आणि आरशातून माझ्याकडे बघत म्हणाली, "बसान दे गो त्याला. बसान दे." मी स्टार्टचं बटण दाबलं. हायब्रिड सुरू होताना आवाज करत नाही. खाडीपर्यंतचे दोन्ही सिग्नल मी अगदी हळू, त्याच्या मनासारखे गाठले.

भाऊबीजेनंतर सुर्वे आले. नवा शर्ट घालून, सीट कव्हरचा चॉकलेटी नमुना हातात घेऊन. मी फराळाचं ताट आणलं. श्रीकांत म्हणाला, "सुर्वे, माफ करा, गाडी नाही द्यायची आता."

सुर्वे बिचारे गोंधळले. "पण तुमचे डोळे?" ते म्हणाले. "मग गाडी चालवणार कोण?"

"आम्ही," श्रीकांत म्हणाला, आणि चकल्यांचं ताट त्यांच्याकडे सरकवलं.